आईला ब्याण्णव, लेकीला एकोणनव्वद

पेणमध्ये माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक गाळा, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि बाहेर पाटी: ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.’ बारावीचा हंगाम आला की गाळ्यात उभं राहायला जागा उरत नाही. इंजिनीअरिंगची सीईटी, नर्सिंगची, फार्मसीची, बी.एड.ची. अर्धा दिवस फॉर्म भरण्यात जातो आणि उरलेला अर्धा पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, हे आईबापांना समजावण्यात.

“शंभरातली किती मुलं तुमच्या मुलाच्या मागे राहिली, तो आकडा,” असं मी सांगते.

एकदा खाडीकडच्या गावातले, मिठागरात काम करणारे एक गृहस्थ हे सगळं नीट ऐकून म्हणाले, “म्हंजे पुढं किती गेले ते नाय सांगत?”

“ते त्यातच आलं की, काका.”

“मंग मागं ऱ्हायले त्यांचंच कशाला सांगतात?”

मी त्यांच्या मुलाचा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

तर इतक्या लोकांना इतक्या वर्षांत मी परीक्षांना बसवलं, पण स्वतः शेवटची परीक्षा दिली ती रोह्याला, बी.कॉम.ची. मग लग्न होऊन पेणला आले. नवरा रोह्याकडच्या एका केमिकल कंपनीत, शिफ्टची ड्यूटी. एक मुलगी. ती बारावी सायन्सला होती, त्या वर्षीची ही गोष्ट.

एका दुपारी दुकानात एक बी.ए. झालेली मुलगी आली. तिला तीन वर्षांच्या लॉची सीईटी द्यायची होती. मी माहितीपुस्तिका उघडून तिला वाचून दाखवत होते आणि ‘कमाल वयाची अट नाही’ या ओळीवर अडखळले. ही ओळ मी दरवर्षी वाचते. दरवर्षी सरळ पुढे जाते. त्या दिवशी जीभ जागेवरच थांबली.

“ताई, काय झालं?” मुलीने विचारलं.

“काही नाही. तुझं वय किती?”

“एकवीस.”

“मग तुला काहीच अडचण नाही,” मी म्हटलं, आणि तिचा फॉर्म भरून दिला.

ती गेली. पुढचं गिऱ्हाईक यायला वेळ होता. मी तेच पान परत उघडलं आणि पहिल्या रकान्यात माझं नाव टाकलं. गंमत म्हणून टाकलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण जन्मतारीख टाकली, बी.कॉम.चं वर्ष टाकलं, आणि फोटोपर्यंत आले तेव्हा कानशिलं गरम झाली होती. रोज निळ्या पडद्यासमोर बसवून मी लोकांचे फोटो काढते. माझा काढायला कुणी नव्हतं. झेरॉक्स मशीनवर कॅमेरा ठेवला, टायमर लावला आणि पळत जाऊन स्टुलावर बसले. पहिल्या तीन फोटोंत डोळे मिटलेले. चौथ्यात मी हसतेय. तोच लावला.

मग ओटीपीचा रकाना आला आणि लक्षात आलं की मोबाईल घरी चार्जिंगला राहिलाय.

दहा मिनिटांत लेक सायकलवरून धापा टाकत दुकानात हजर. तिच्या हातात माझा मोबाईल.

“आई, तुझ्या नंबरवर ओटीपी आलाय. लॉ सीईटीचा. कुणाचा फॉर्म तू आपल्या नंबरवर भरतेस?”

मी काही बोलायच्या आत तिने स्क्रीनवरचा माझा फोटो पाहिला. निळा पडदा, हसणारी मी. ती खुर्चीत बसली आणि पोट धरधरून हसायला लागली. मला आधी राग आला, मग मलाही हसू फुटलं. आम्ही हसत राहिलो आणि तोपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवावा लागला. तो तिने स्वतः टाइप केला.

त्या रात्री जेवताना पैज लागली. लेक म्हणाली, “आई, तुझी सीईटी, माझी सीईटी. ज्याला पर्सेंटाईल कमी, त्याने महिनाभर पहाटे उठून बाबाचा डबा करायचा.”

नवऱ्याची पहिली शिफ्ट असली की कंपनीची बस पावणेसहाला नाक्यावर येते. म्हणजे डब्यासाठी साडेचारला उठायचं. गेली अठरा वर्षं ते मीच करत होते, त्यामुळे हरले तरी माझं काय जाणार होतं? मी लगेच हो म्हटलं.

नवऱ्याचा घास मात्र हातातच राहिला. “एक मिनिट. ही हरली तर माझा डबा ही करणार?”

“हो,” लेक म्हणाली.

“मग तू जिंकावंस असं मला मनापासून वाटतं, बाळा,” तो म्हणाला, आणि उठून हात धुवायला गेला.

अभ्यास आम्ही दुपारी करायचो. दुकान एक ते चार बंद असतं. जेवणाचं टेबल पुसून तिच्या बाजूला फिजिक्स, माझ्या बाजूला लीगल ॲप्टिट्यूड आणि मधे एकच पंखा. पहिल्या आठवड्यात मला दर पाच मिनिटांनी झोप यायची. लेक पट्टी आपटायची. “आई! कलम कितवं?” तिला बालवाडीत मी पाढे म्हणायला लावायचे, तेव्हा मी अशीच ओरडायचे का, असं मनात यायचं. बहुतेक असंच ओरडत असणार.

माझं एक बलस्थान मात्र लवकरच उघडकीला आलं. लॉजिकल रीझनिंगमध्ये नात्यांची कोडी असतात. लेकीने वाचलं, “फोटोतल्या माणसाकडे बोट दाखवून बाई म्हणते, ह्याच्या आईचा नवरा माझ्या सासऱ्यांचा एकुलता एक मुलगा आहे. तर तो माणूस त्या बाईचा कोण?”

ती कागदावर गोल आणि बाण काढायला लागली. मी भांडी विसळता विसळता म्हटलं, “मुलगा. स्वतःचा मुलगा.”

“कसं काय?”

“अगं, सासऱ्यांना एकच मुलगा, म्हणजे हिचा नवरा. त्याची बायको हीच. मग पोरगा हिचाच. सरळ ‘माझा मुलगा’ म्हणत नाही, म्हणजे त्याच्याशी भांडण झालेलं दिसतंय.”

लेकीने उत्तर पाहिलं. बरोबर. तिने दुसरं कोडं वाचलं, तिसरं वाचलं. आत्याची नणंद, मामाचा साडू, काकूच्या आईची सून. मी एकही चुकले नाही. रोह्याला आमचं माहेर मोठं. पाचजणांची लग्नं एकमेकांच्या दिरा-नणंदांशी लागलेली, तिथे कुणाला कोण म्हणायचं हे चुकलं तर जेवायच्या पंक्तीत हसं व्हायचं. मला कुठलंही कोडं वाचलं की डोळ्यांसमोर माहेरचं माणूस उभं राहायचं, आणि उत्तर त्याच्या तोंडून यायचं. लेक डोक्याला हात लावून बसली. “म्हणजे इतकी वर्षं लग्नांना गेलीस तो तुझा क्लासच होता!”

माझी परीक्षा आधी होती. केंद्र पनवेलच्या पुढे. पेणहून सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघी निघालो. ती माझ्याबरोबर येणार, हे तिनेच ठरवलं होतं. माझं हॉलतिकीट तिच्याकडे, आधार कार्ड तिच्याकडे, पाण्याची बाटली तिच्याकडे. बसमध्ये ती मला सामान्यज्ञान विचारत होती आणि पुढच्या सीटवरचे एक आजोबा मधेच उत्तरं देत होते. दोनदा तर चुकीची दिली आणि मी त्यांच्या नादाने चुकले.

गेटवर मोठी रांग. वॉचमनने आम्हाला पाहिलं आणि मला हाताने बाजूला केलं. “पालकांनी बाहेर थांबायचं. फक्त उमेदवार आत.”

“उमेदवार ही आहे,” लेक म्हणाली. “पालक मी आहे.”

वॉचमनने हॉलतिकिटावरचा फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, परत फोटो पाहिला. मग अगदी अदबीने म्हणाला, “या मॅडम.” मागून लेक ओरडत होती, “घाई करू नकोस! निगेटिव्ह मार्किंग नाहीये, एकही सोडू नकोस! आणि आधी बाथरूमला जाऊन ये!” सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मला लाजेनं कुठे जाऊ असं झालं आणि त्याच वेळी असं वाटत होतं, की हिने अजून थोडं ओरडावं.

आत माझ्या शेजारी माझ्या भाच्याच्या वयाचा मुलगा होता. त्याने मला नमस्कार केला. त्याला वाटलं, मी देखरेखीला आहे. मी त्याच्या बाजूच्या खुर्चीत बसले तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग स्क्रीन सुरू झाली. पेपर कसा गेला ते मला आज नीट आठवतही नाही. एवढं आठवतं, की नात्यांचं एक कोडं आलं, उत्तर क्षणात सुचलं आणि आनंदाच्या भरात मी टेबलावर थाप मारली. सुपरवायझर आले, “मॅडम, काही प्रॉब्लेम?” “नाही नाही,” मी म्हटलं, “आमच्या वन्सं आठवल्या.”

बाहेर आले तर लेक झाडाखाली पाच-सहा पालकांच्या घोळक्यात बसलेली. तिला कुणीतरी केळं दिलं होतं, कुणीतरी रुमाल. “आत भाऊ आहे का?” असं एकाने विचारलं होतं, त्यावर ती “आई आहे” म्हणाली आणि तेव्हापासून सगळे तिच्याभोवती होते. मी दिसताच एक बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कसा गेला हो पेपर?” मग सगळ्यांनी तेच विचारलं. माझ्या बी.कॉम.च्या पेपरानंतर मला कुणीच विचारलं नव्हतं.

तिची परीक्षा पुढे पंधरा-वीस दिवसांनी झाली. तेव्हा गेटबाहेर मी होते. ती बाहेर आली. “गणित लांबलं,” एवढंच म्हणाली.

निकाल तिचा आधी लागला. दुकानात, माझ्याच कॉम्प्युटरवर, तिने स्वतः लॉगिन केलं. ८९.६१४२७८३. दशांशानंतर सात आकडे. तिला पंच्याण्णवच्या पुढे हवे होते. ती स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, “सात आकडे कशाला देतात गं? एकोणनव्वद म्हटलं असतं तरी कळलं असतं.” मग सायकल काढून घरी गेली. मी दुकान सोडून जाऊ शकत नव्हते. समोर चार जण निकाल बघायला उभे होते.

तीन दिवसांनी माझा लागला. ९२.०८५३३१६.

मी खुर्चीतून उठले, परत बसले, परत उठले. समोर गिऱ्हाईक होतं, त्यांना म्हटलं, “थांबा हं,” आणि मागच्या बाजूला जाऊन झेरॉक्सच्या कागदांच्या गठ्ठ्यांमधे उभी राहून दोन्ही हातांनी तोंड दाबून हसले. ब्याण्णव! मला! नवऱ्याला फोन केला, तर तो कंपनीत मशीनवर. नाही उचलला. लेकीला केला. ती किंचाळली. खरंच आनंदाने किंचाळली. “आई, तू जिंकलीस!” आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की मी जिंकले म्हणजे ती हरली.

घरात तिने काही दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेचारचा गजर लावून उठली आणि बाबाचा डबा केला. पोळ्यांचे आकार काय सांगू! नवऱ्याने एक शब्द न बोलता डबा नेला आणि रिकामा आणला. पण संध्याकाळी आम्ही दोघी बाजारात मासळी घ्यायला गेलो. जी मावशी नेहमी देते, तिच्या मुलाचा फॉर्म मीच भरला होता, त्यामुळे तिला सगळी बातमी होती. कोळंबी पाटीत टाकता टाकता ती मोठ्यानं म्हणाली, “तुला ब्याण्णव न् पोरीला एकोणनव्वद? पोरीनं अभ्यास केलान नाय का गो?”

तिच्या मनात काही नव्हतं. ती कुणालाही असंच बोलते. पण आजूबाजूच्या दोघी-तिघी वळल्या, आणि लेकीने पिशवी माझ्या हातातून घेऊन पुढे चालायला सुरुवात केली. रस्ताभर ती माझ्या दोन पावलं पुढेच होती. मला माझ्या ब्याण्णवचा राग आला. कुठून पडले एवढे, असं झालं.

मी दुकानात शंभर जणांना सांगते, की वेगवेगळ्या परीक्षांचे पर्सेंटाईल एकाला एक लावायचे नसतात. घरात सांगितलं तर लेक म्हणाली, “तू आई आहेस, तू असंच म्हणणार.” म्हणून रविवारी सकाळच्या गाडीने मी तिला घेऊन रोह्याला निघाले. रोह्याला माझा मोठा भाऊ. शाळेत गणित शिकवतो. तो कुणाच्याही बाजूने बोलत नाही, म्हणून नातेवाइकांत त्याला फारसं कुणी बोलावत नाही. खरं सांगते, माझे ब्याण्णव त्याच्याकडून खोडून घ्यायला, हरायलाच मी चालले होते.

दादा अंगणात पेपर तपासत बसला होता. त्याने दोघींची स्कोअरकार्डं घेतली, चष्मा वर केला आणि लेकीला म्हणाला, “जानेवारीत तू दुसरी एक इंजिनीअरिंगची परीक्षा दिली होतीस ना? त्यात किती?”

“अठ्ठ्याहत्तर,” लेक पुटपुटली.

“आणि यात एकोणनव्वद. चार महिन्यांत तुझा मेंदू अकराने वाढला का?”

“नाही, मामा. त्या परीक्षेला देशभरातली मुलं होती.”

“म्हणजे तूच, तुझंच डोकं, आणि दोन आकडे. मग तुझ्या आईच्या आकड्याशी तू तुझा आकडा कसा लावतेस?” त्याने लाल पेन खाली ठेवलं. “एक शर्यत भाताच्या चिखलात, एक डांबरी रस्त्यावर. दोन्हीकडे शंभरातले नव्वद जण मागे. त्यावरून कोण जास्त जोरात धावलं, हे सांगता येत नाही. दोघींना एका चिखलात उतरवल्याशिवाय कळायचं नाही.”

तो हे सहज बोलला होता. पण आतून वहिनी बाहेर आली, हाताला पीठ. “मग उतरवा की!” ती म्हणाली. “हिचा पेपर तिला द्या, तिचा पेपर हिला.”

सगळ्यांच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. दादाने कपाटातून इंजिनीअरिंगच्या सराव-परीक्षांचं पुस्तक काढलं, लेकीने माझ्या पिशवीतून लॉचं, जे मी दादाला दाखवायला आणलं होतं. प्रत्येकातले चाळीस प्रश्न, चाळीस मिनिटं. स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून ओटीवर आणलं. मला या खांबाशी, लेकीला त्या खांबाशी बसवलं. वहिनी म्हणाली, “मोबाईल इकडे द्या,” आणि दोन्ही मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवले. आत पीठ होतं हे तिला नंतर आठवलं.

मी ठरवूनच आले होते, की हरायचं. पण प्रश्नपत्रिका हातात आली आणि माझा स्वाभिमान जागा झाला. मी खरोखर विचार करायला लागले. एका उतारावरून एक ठोकळा घसरतोय. का घसरतोय, माहीत नाही. त्याचं त्वरण काढा. मी ठोकळ्याचं चित्र काढलं, त्याला सावली दिली. मग एक रसायनाचा प्रश्न आला, त्यात नवऱ्याच्या कंपनीत असतं तसलं एक नाव दिसलं, म्हणून तो पर्याय निवडला. इंटिग्रेशनचं चिन्ह पाहून मला आमच्या गल्लीतल्या नळाचा वाकडा पाइप आठवला. पलीकडे लेक भराभर खुणा करत होती आणि मधूनच खुदकन हसत होती. नात्यांचं कोडं आलं की माझ्याकडे बघायची. दादा गरजायचा, “समोर बघा!”

चाळीस मिनिटं संपली. दादाने दोन्ही पेपर लाल पेनाने तपासले. आधी लेकीचा जाहीर केला. “चाळीसपैकी पंचवीस.”

वहिनीने टाळ्या वाजवल्या. पीठ उडालं.

“आता आईचा,” दादा म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा हलला. “चाळीसपैकी अकरा.”

“अकरा काही वाईट नाहीत,” मी म्हटलं.

“थांब. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. डोळे मिटून खुणा केल्या असत्यास, तरी सरासरी दहा आले असते. म्हणजे चाळीस मिनिटं मान मोडून विचार करून तू एका मार्काची भर घातलीस.”

लेकीच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की शेजारच्या घरातलं कुणीतरी खिडकीत आलं. ती ओटीवर आडवी झाली. वहिनी खांबाला धरून हसत होती. दादा, जो आमच्या लग्नाच्या व्हिडिओतही हसलेला नाही, चष्मा काढून डोळे पुसत होता. आणि माझ्या बरगड्या दुखायला लागल्या.

जरा दम खाल्ल्यावर लेक माझ्याजवळ सरकली. एकदम गंभीर होऊन म्हणाली, “आई, खरं सांग. मुद्दाम चुकलीस ना? माझ्यासाठी?”

“नाय गो,” मी म्हटलं. “अगदी मनापासून चुकले.”

तिने दादाच्या हातातला माझा पेपर घेतला आणि ठोकळ्याचं चित्र पाहिलं. सावलीसकट. मग तिला खात्री पटली, आणि ती पुन्हा आडवी झाली.

दादाने निकाल दिला तो असा: यावरूनही कोण हुशार हे ठरत नाही, कारण लॉचे प्रश्न रोज पेपर वाचणाऱ्या कुणालाही थोडेफार येतात आणि फिजिक्स तसं येत नाही. पण एकमेकींच्या चिखलात दोघी उतरल्या आणि लेक पुढे राहिली, हे नाकारता येत नाही. पैज लेकीने जिंकली. डबा आईने करावा. “म्हणजे आतापर्यंत करत होते तसंच,” मी म्हटलं. “हो, पण आता हरून,” वहिनी म्हणाली.

परतीच्या गाडीत आम्ही खिडकीशी समोरासमोर बसलो. नागोठणं आलं. मग ती म्हणाली, “एकोणनव्वदला काय काय मिळतं, आई?” मी पर्स उघडली आणि गेल्या वर्षीच्या कटऑफची यादी काढली. ती मी निकालाच्या दिवसापासून पर्समध्ये घेऊन फिरत होते. तिने ती गुडघ्यावर पसरली आणि पेणपर्यंत पेन्सिलने खुणा करत राहिली.

पुढचे दिवस कागदांचे. तिच्या कागदांना काही अडचण आली नाही. माझ्या मात्र मधल्या वर्षांची चौकशी झाली. बी.कॉम.पासून आतापर्यंत एकवीस वर्षं शिक्षणात खंड, म्हणून गॅपचं प्रतिज्ञापत्र हवं. कोर्टाजवळच्या एका वकिलांकडे आम्ही दोघी गेलो. ठरलेला मसुदा होता: ‘सदर कालावधीत मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतलेला नाही.’

लेक वाकून वाचत होती. “आणि मला वाढवलं, ते लिहा ना.”

“ते मसुद्यात नसतं, बाळ,” वकीलसाहेब म्हणाले.

“दुकान चालवलं, ते?”

“तेही नसतं.”

“मग एकवीस वर्षं हिने काहीच केलं नाही, असंच दिसतंय की!”

वकीलसाहेबांनी पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “सही करा मॅडम. बाकीचं म्हणाल, तर तुम्ही वकील झाल्यावर मसुदा बदला.” मी सही केली.

तिला दुसऱ्या फेरीत कॉलेज मिळालं. पहिल्या पसंतीचं नव्हे, तिसऱ्या, पण शाखा हवी तीच. माझी यादी त्यानंतर काही आठवड्यांनी लागली. दुकानात गर्दी होती. एका मुलाचं जातप्रमाणपत्र अपलोड होत नव्हतं, ते करता करता दुसऱ्या खिडकीत माझं लॉगिन उघडलं. पनवेलचं लॉ कॉलेज, जागा मिळाली. मी प्रिंट दिली, आणि भानावर नसल्यामुळे प्रतींच्या रकान्यात एकऐवजी अकरा टाकले. मशीन माझं प्रवेशपत्र एकामागून एक बाहेर टाकत राहिलं. त्या मुलाचे वडील एक उचलून वाचायला लागले. “ताई, हे कुणाचं?” “माझं,” मी म्हटलं. त्यांनी ते पत्र दोन्ही हातांनी मला परत दिलं.

संध्याकाळी नवऱ्याने आम्हाला कोलाडला जेवायला नेलं. हायवेवरचं साधंच हॉटेल, बाहेर ट्रक उभे, आत मोठमोठ्या थाळ्या. तो कधी फार बोलत नाही. त्या दिवशी मात्र वेटर पाणी घेऊन आला, तर त्याला थांबवून म्हणाला, “या दोघींची ॲडमिशन झालीये. ही माझी मुलगी, ही बायको. मुलीला एकोणनव्वद पर्सेंटाईल, बायकोला ब्याण्णव.”

“अरे वा,” वेटर म्हणाला.

नवऱ्याने मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढला आणि सगळे दशांश नीट बघून बेरीज केली. “एकूण एकशे एक्क्याऐंशी पॉइंट सहा नऊ नऊ,” त्याने जाहीर केलं. “आमच्या एका घरात.”

पर्सेंटाईलची बेरीज करायची नसते. दादा असता तर थाळी सोडून उठला असता. मी लेकीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ दाबलेले, डोळ्यांत पाणी आलेलं. वेटर आत गेला, आणि काउंटरवरच्या माणसाला तो आकडा सांगताना आम्हाला ऐकू आला. काउंटरवरचा माणूस मान वाकडी करून आमच्या टेबलाकडे बघायला लागला. नवऱ्याने त्याला बसल्या जागेवरून हात केला आणि तीन सोलकढ्या मागवल्या.